भिंतीवरचा गेरू आणि देव्हाऱ्यापुढचा दिवा

दसऱ्याचे सोने वाटून झाले, की घरच्या गृहिणीच्या मनात एक निराळेच गणित सुरू होते. विजयादशमीपासून वसुबारसेपर्यंत, तिथीची क्षयवृद्धी जमेस धरून, हाती उरतात जेमतेम 16-17 दिवस. त्याआधी रंगाचे काम काढावे म्हटले, तर पितृपक्षात वडीलधारी मंडळी नको म्हणतात आणि नवरात्रात घट बसलेले असल्यामुळे देवघराला हात लावता येत नाही. तेव्हा सामान हलविणे, भिंती खरवडणे, लांबी भरणे आणि रंगाचे दोन हात देणे हे सारे या पंधरवड्यातच बसवावे लागते. रंगारी येतो तो शेडकार्डाची चवड घेऊन येतो. शेकडो चिठ्ठ्यांतून अलीकडे अनेक घरांतील तरुण मंडळींचे बोट एका रंगावर येऊन थांबते. तो रंग म्हणजे उबदार, गडद तपकिरी. कोणी त्याला चॉकलेटी म्हणते, कोणी कॉफी. आणि तेथेच घरात दोन पक्ष पडतात. "दिवाळीच्या तोंडावर भिंत काळवंडून घ्यायची?" हा एक पक्ष, "सगळी घरे पांढरीफटक, आपले तरी वेगळे असू द्या," हा दुसरा.

या वादात पडण्याचे धाडस आम्ही आज करीत आहोत, कारण दोन्ही पक्षांना आपल्याच घराचा जुना इतिहास ठाऊक नसावा अशी आम्हांस शंका आहे. हा रंग परक्याचा नाही आणि अमंगळ तर मुळीच नाही. मात्र तो वापरण्याची आपली एक रीत होती. ती विसरून तो भिंतीवर फासला, तर आजीबाईंचे म्हणणे खरे ठरते.

प्रथम नावाचे पाहू. 'तपकिरी' हा शब्द तपकिरीवरून, म्हणजे नाकात ओढावयाच्या तंबाखूच्या पुडीवरून आला. तंबाखू आपल्याकडे पोर्तुगीजांच्या मागोमाग आली. तेव्हा हे नाव काही शतकांपलीकडे जाऊ शकत नाही. पण म्हणून रंग नवा ठरत नाही. खैराच्या काताचा तो खैरी, उदाच्या लाकडाचा तो उदी, त्याहून फिका तो पिंगट, अशी कितीतरी नावे मराठीत नांदत होती. संस्कृतातला 'कपिल' हा याच कुळातला. वसुबारसेला जिच्या आठवणीने हात जोडले जातात त्या कपिला गाईचे नाव या तांबूस-पिंगट वर्णावरून पडले. आणि ज्यांच्या घरी रुद्राचे आवर्तन होते त्यांना तर अधिक सांगावयास नको. उगवत्या सूर्याच्या रूपातील रुद्राचे वर्णन तेथे ताम्र, अरुण आणि बभ्रु असे येते, आणि लगेच त्यालाच सुमंगल म्हटले आहे. बभ्रु म्हणजे तपकिरीच. ज्या वर्णाला श्रुतीने सुमंगल म्हटले, त्याला आम्ही सामान्य माणसांनी अशुभ ठरवावे हे काही पटत नाही.

आता रंगाच्या जातीकडे वळू. आपल्याकडे या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे गेरू. संस्कृतात त्याला गैरिक म्हणतात. गिरीपासून, म्हणजे डोंगरातून आलेला, असा त्याचा अर्थ. कोकणात आणि गोमंतकात त्यालाच काव म्हणतात. शास्त्रीय भाषेत सांगायचे तर लोहाचा प्राणवायूशी संयोग होऊन जो लाल पदार्थ बनतो, तो मिसळलेली ही माती होय. पिवळ्या मातीतही लोहच असते, परंतु त्यात पाण्याचा अंश असतो. ती भाजली की पाणी निघून जाते आणि माती तांबडी होते. कुंभाराच्या आव्यात हेच घडते. तांबड्या मातीत थोडी काजळी घातली, की ती तपकिरीकडे झुकते. मँगेनीजचा अंश असलेल्या काही माती मुळातच तपकिरी असतात. रंगारी ज्याला 'बर्न्ट अंबर' म्हणतो तो अशीच माती भाजून करतात. भाजल्यामुळे त्यात ऊब येते, हे शब्दशः खरे आहे.

या मातीच्या रंगाचा सर्वांत मोठा गुण म्हणजे त्याचा टिकाऊपणा. उन्हाने तो उडत नाही, चुन्याच्या दाहकतेपुढे हार मानत नाही. अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रकारांनी जे मोजके रंग वापरले, त्यांत तांबडी आणि पिवळी माती होती, आणि पाचव्या शतकातील त्या भिंतींवरून त्यांची ऊब अजून ओसरलेली नाही. संन्याशाच्या छाटीला काषाय वर्ण देणारा हाच गेरू, आणि रस्त्याकडेच्या वडाच्या बुंध्याला चुन्याच्या पट्ट्याशेजारी बसणाराही हाच. इतक्या निरनिराळ्या ठिकाणी मानाने राहणारा दुसरा रंग आम्हांस तरी माहीत नाही.

वडाच्या त्या बुंध्याकडे वाचकांनी जरा पुन्हा पाहावे. गेरू तेथे एकटा नाही. शेजारी चुना आहे. आपल्या परंपरेत हा गडद रंग बहुधा कधी एकटा आलाच नाही. दिवाळीत अंगण सारवून त्यावर गेरूचा चौकोन ओढतात तो कशासाठी? पांढरी रांगोळी उठून दिसावी म्हणून. फरशीवर थेट काढलेली रांगोळी आणि गेरूवर काढलेली रांगोळी यांतला फरक ज्याने पाहिला आहे, त्याला या रंगाचे सारे शास्त्र कळले असे समजावे. डहाणू-तलासरीकडच्या वारली घरांत तेच दिसते. कारवीच्या कुडाला शेणमातीने लिंपतात, त्यावर गेरूचा हात देतात आणि तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहितात. चौकात पालघट देवी बसते, आणि तो लिहिण्याचा मान सवाशिणींचा. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रे भिंतीवरून कागदावर आणली आणि जगभर नेली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. पण कागदावरही पाठीमागची ती तांबूस-तपकिरी जमीन त्यांनी सोडली नाही. ती गेली असती तर पांढऱ्या रेषेचा जीव गेला असता.

दक्षिण कोकणात, गोव्यात आणि तेथून खाली उत्तर कन्नड किनाऱ्यापर्यंत याच जोडीने आणखी एक कला जन्माला घातली. तिचे नाव कावी. भिंतीवर चुन्याचा पांढरा गिलावा करायचा, त्यावर काव मिसळलेल्या चुन्याचा पातळ थर द्यायचा, आणि तो ओला आहे तोवर कर्कटकाने आणि अणकुचीदार हत्याराने नक्षी कोरायची. जेथे वरचा थर निघतो तेथे आतला पांढरा चुना डोकावतो. कमळे, वेली, कुंड्या, मोर आणि देवदेवता असे सारे दोन रंगांत साकार होते. हे चित्र भिंतीवर काढलेले नसते, भिंतीतच असते. चुना हवेतला कर्बवायू घेऊन हळूहळू दगड होतो आणि काव त्यात कायमची बंदिस्त होते. म्हणून कोकणातला धो धो पाऊसही तिला सहज धुऊन नेत नाही. पेडणे तालुक्यातील मोरजीचे मोरजाईचे देऊळ या कलेसाठी ओळखले जाते. कृष्णानंद कामत यांनी किनारपट्टीवर फिरून कावीच्या नोंदी केल्या, छायाचित्रे घेतली, लेखन केले. त्यामुळे निदान पुष्कळशा नक्षींची स्मृती तरी उरली.

स्मृती म्हणण्याचे कारण आहे. उत्सव जवळ आला की देवस्थानच्या मंडळींना देऊळ 'चकचकीत' करावेसे वाटते. त्यात भाव चांगलाच असतो. पण त्या भावापोटी अनेक ठिकाणी कावीच्या भिंतीवर ऑईलपेंट चढला, कोठे तुळतुळीत फरश्या बसल्या, कोठे जीर्णोद्धारात भिंतच गेली. चुन्याच्या भिंतीला श्वास घ्यावा लागतो. पावसाळ्यात आत गेलेली ओल उन्हाळ्यात बाहेर पडावी लागते. ऑईलपेंटच्या कवचाने ती आतच कोंडते, मग पोपडे धरतात आणि पोपड्याबरोबर शंभर वर्षांची वेल गळून पडते. ज्या वाचकांच्या गावच्या देवळात वा घराच्या पडवीत अशी तांबूस-तपकिरी जुनी भिंत अजून उभी असेल, त्यांनी यंदा तिला काहीही लावू नये. मऊ कुंच्याने धूळ झटकावी आणि शेजारी समई ठेवावी. एवढी सेवा तिला पुरते.

येथे आम्हांस परिचयातील एका घराची हकीगत सांगितल्यावाचून राहवत नाही. ठाण्याकडची दोन खोल्यांची सदनिका. सासूबाई वेंगुर्ल्याच्या बाजूच्या, वय ऐंशीच्या पुढे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. देवघर म्हणजे दिवाणखान्याच्या एका कोनाड्यात पांढऱ्या फरशीवर मांडलेला लहानसा देव्हारा, पाठीमागे पांढरी भिंत, त्यात चांदीचे देव. सुनेने कोनाड्याची मागची भिंत गडद तपकिरी करण्याचे ठरविले, तेव्हा सासूबाईंनी स्पष्टच विचारले, "अगं, देवांना सुतक लावतेस की काय?"

सून म्हणाली, "आई, तुम्हांला रोज अन्नपूर्णा चाचपून शोधावी लागते. पांढऱ्यावर पांढरे कसे दिसणार?"

सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी रंगाऱ्याने भिंतीवर हातभर तुकडा लावून दाखविला तेव्हा त्या उठून जवळ गेल्या, बोट फिरविले आणि म्हणाल्या, "ही तर आमच्या पडवीतली काव." मग त्यांनी अट घातली. भिंत सुनेची, पण कडेची वेल त्यांची, आणि ती पांढरीच हवी. स्टुलावर बसून, थरथरत्या हाताने, काडीला कापूस गुंडाळून त्यांनी ती वेल काढली. कोठे जाड, कोठे बारीक, एका जागी पान राहूनच गेलेले. परवा आम्ही गेलो तेव्हा निरांजनाच्या उजेडात अन्नपूर्णा, बाळकृष्ण आणि शंख तिघेही दारातून ओळखू येत होते. त्या घरात आता फुले वाहताना मूर्ती चाचपावी लागत नाही.

सासूबाईंनी घातलेली अट हीच वर सांगितलेली आपली जुनी रीत होय, आणि ज्यांना यंदा हा रंग घरात आणावयाचा आहे त्यांनी तिचाच आधार घ्यावा. पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडापैकी शेकडा 80 च्या आसपास परत खोलीत पाठविते. गडद तपकिरी भिंत शेकडा 10 च्या घरात. चारही भिंती तपकिरी केल्या, तर चाळीतल्या वा सदनिकेतल्या दहा-बाय-दहाच्या खोलीची गुहा होईल आणि भर दुपारी दिवे लावावे लागतील. एकच भिंत, तीही शक्यतो खिडकीसमोरची, म्हणजे तिच्यावर उजेड पडेल. छत पांढरे राहावे, उरलेल्या भिंतींना शुभ्र पांढऱ्याऐवजी सायीचा वा फिक्या हळदीचा रंग द्यावा; निळसर पांढरा शेजारी आला, की तपकिरी रंग मळकट दिसू लागतो. घरात जुने सागवानी कपाट, आजोबांची आरामखुर्ची, पितळेची समई, तांब्याची घागर असेल तर या भिंतीपुढे त्यांना पुन्हा घरपण येते. पुण्याच्या विश्रामबागवाड्यातील कोरीव सागवानी दर्शनी भाग ज्यांनी पाहिला आहे, त्यांना लाकडाचा हा वर्ण किती भारदस्त असतो हे सांगावे लागणार नाही.

दिव्याचीही निवड महत्त्वाची आहे. बाजारातील एलईडी दिव्यांच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. 2700 ते 3000 चा दिवा समईच्या जवळ जाणारा पिवळसर उजेड देतो आणि त्यात तपकिरी भिंत उजळून निघते. 6500 चा निळसर पांढरा दिवा लावला, तर तीच भिंत शिळ्या कॉफीसारखी दिसते. रंगाला नावे ठेवण्यापूर्वी दिवा बदलून पाहावा. शेडकार्डाच्या बोटभर चिठ्ठीवर तर मुळीच विसंबू नये. निदान दोन फूट चौरस तुकडा भिंतीवर लावून तो सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला असा तिन्ही वेळा पाहावा. तांबूस झाक असलेला तपकिरी घ्यावा. हिरवट वा करडी झाक असलेला रंग दिवाळीच्या घराला उदास करतो, आणि तेथे मात्र आम्ही आजीबाईंच्या बाजूचे आहोत.

वास्तुशास्त्रावर ज्यांची श्रद्धा आहे त्यांस सल्लागार बहुधा ईशान्येस फिका रंग सांगतात आणि पृथ्वीतत्त्वाचे रंग नैर्ऋत्येस. त्यांनी तसे करावे. दिवाणखान्याची नैर्ऋत्येकडची भिंत या रंगाला शोभतेच. देवघरापुरती मग वेगळी युक्ती आहे. भिंत फिकी ठेवून देव्हाऱ्यामागे तपकिरी रंगाची फळी उभी करावी.

कामाविषयी थोडे. पावसाळ्यात भिंतींनी ओल धरलेली असते. ती वाळण्यापूर्वी गडद रंग दिला, तर महिन्याभरात क्षार फुटून पांढरे डाग उमटतात, आणि पांढऱ्या भिंतीवर जे लपले असते ते येथे लपत नाही. ओलीचा उगम शोधून तो आधी बंद करावा; सवड नसेल तर ती भिंत सोडून दुसरी घ्यावी. गडद रंगाखाली प्रायमर त्याच झाकेचा करून घ्यावा, नाहीतर दोन हातांत अंग भरत नाही आणि तिसरा द्यावा लागतो. झळाळीच्या रंगापेक्षा मंद पोताचा बरा. चकाकत्या भिंतीत दिव्याचे प्रतिबिंब डोळ्यांत खुपते. निरांजनाची काजळी आणि उदबत्तीचा धूर या भिंतीवर चटकन दिसत नाही, हा गुण खरा, पण दिसत नाही म्हणून पुसू नये असा त्याचा अर्थ घेऊ नये.

एक गोष्ट मात्र हलक्यावारी घेण्यासारखी नाही. जुन्या घरांतील दारे, खिडक्या आणि भिंतींचे खालचे पट्टे यांवर वर्षानुवर्षे ऑईलपेंटचे थर बसलेले असतात. जुन्या ऑईलपेंटमध्ये शिसे असण्याचा संभव मोठा. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांवर आणणारे नियम आपल्याकडे 2016 मध्ये झाले आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. भिंतीवरचे थर त्याआधीचे असतील. कोरड्या पॉलिश पेपरने ते घासले, की त्याची धूळ घरभर होते, फराळाच्या डब्यांवर बसते, रांगत्या मुलाच्या हाताला लागते आणि हातावरून तोंडात जाते. शिसे लहान मुलाच्या मेंदूला इजा करते, आणि ती इजा भरून निघत नाही. घासायचे ते पाणी लावून, ओले घासावे. मुले आणि गर्भवती स्त्रिया तेवढे दिवस दुसऱ्या खोलीत किंवा नातलगांकडे राहाव्यात. फराळाला हात घालायचा तो घर ओल्या फडक्याने दोनदा पुसून झाल्यावरच. आणि तांबडा रंग 'देवाचा' व्हावा म्हणून कोणी डब्यात शेंदूर मिसळण्याचा विचार करीत असेल, तर तो सोडून द्यावा. शेंदूर म्हणजे शिशाचेच भस्म. देवाला शेंदूर, भिंतीला गेरू, अशी जी वाटणी पूर्वजांनी केली ती योग्यच होती.

भिंतीच्या रंगातून वाटीभर उरतोच. तो तुळशीवृंदावनाला लावावा असे कोणाच्याही मनात येईल, पण डब्यातला रंग तेथे नको. मातीच्या कुंडीवर त्याची कातडी धरते आणि पहिल्या पावसात ती सोलून निघते. वृंदावनाला साधा गेरूच हवा. किराणा-कासाराच्या दुकानांत तो अजून सहज मिळतो. रात्री भिजत घालावा, सकाळी जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळावा, हाताला लागू नये म्हणून भिजविलेला थोडा डिंक त्यात घालावा आणि दोन पातळ हात द्यावेत. कार्तिकी द्वादशीला तुळशीचे लग्न लागायचे आहे. तोवर तो चांगला वाळतो, आणि त्यावर चुन्याची बोटे उठविण्यासाठी घरातल्या मुलांना बोलवावे.